अर्धं घर विकणे आहे

कोथरूडचा फ्लॅट विकायचा की त्याचं चाललेलं काम पुरं करायचं, यावर सध्या आमच्या घरात चर्चा चालू आहे. घरात म्हणजे भाड्याच्या घरात. मूळ घरात बसून चर्चा करावी, तर बसण्याजोगी वस्तू एकच आहे, कमोड. आणि तोही अजून खोक्यात आहे.

हॉलमध्ये नवी व्हिट्रिफाइड, बेडरूममध्ये जुनी मोझॅक आणि मधल्या पॅसेजमध्ये नुसती रेती. ओटा झालाय, सिंक नाही. बाथरूमचा डॅडो कमरेपर्यंत येऊन थांबला, कारण ती टाइल यायची बंद झाली. 'वर दुसरा रंग घेऊ साहेब, डिझाइन वाटेल,' मिस्त्री म्हणाले. त्यांच्याकडे दोन भिंतींवर सारखीच झालेली गफलत डिझाइन या सदरात मोडते.

विकून टाकायची कल्पना भाच्याची. तो एमबीए करतोय. 'मामा, घातलेले पैसे विसर. ते काँकॉर्ड बघ.' ब्रिटन आणि फ्रान्सने १९६२ साली करार करून ते विमान बांधायला घेतलं, खर्च फुगत गेला, तरी इतके ओतलेत तर आणखी ओतू म्हणत राहिले. म्हणून व्यवस्थापनाच्या वर्गात त्याचं नाव अजून निघतं. मला मात्र त्या दोन सरकारांचा हेवा वाटला. त्यांचं विमान १९७६ ते २००३ प्रवासी घेऊन उडालं तरी. आमच्या बाथरूमचा गीझर अजून भिंतीवर चढलेला नाही.

एजंटने तर फरशीकडे पाहिलंसुद्धा नाही. 'साहेब, काय लावलंय ते सांगूच नका. बिल्डिंग चाळीस वर्षांची. घेणारा टाइल नाही बघत, एफएसआय बघतो.' त्याचं खरं आहे. इमारत पुनर्विकासाला गेली की पहिला हातोडा याच फरशीवर पडणार. नवी म्हणून कोणी जपून फोडणार नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. आमच्या सोसायटीत इतके सभासद एका मताचे फक्त गणपतीतल्या जेवणाच्या मेन्यूवर होतात, आणि तेही मसालेभातापुरते. तेव्हा इमारत उद्या जाईल किंवा आमच्या नातवंडांनाही पुरेल. एजंट गिऱ्हाइकांना पहिली शक्यता सांगतो आणि बायको मला दुसरी.

मेहुणा सीए आहे. घर विकलं तर सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा मागता येतो, असं कळल्यावर मला पहिल्यांदाच या कामात काही फायदा दिसला. मेहुणा म्हणाला, 'बिलं दे.' मिस्त्री हिशेब प्लायवूडवर पेन्सिलने लिहितात. त्या प्लायवूडचा नंतर माळ्याचा दरवाजा झाला. आता आयकर खात्याने पुरावा मागितला, तर दरवाजा बिजागऱ्यांसकट हजर करावा लागेल.

तरी एक जोडपं घर बघायला आलं. मला वाटलं, पसारा बघून उंबऱ्यावरूनच परततील. पण त्या बाई रेतीत पाय रोवून उभ्या राहिल्या आणि हात पसरून सांगू लागल्या, 'इथे देवघर. इथे मुलाचं टेबल. आणि या कोपऱ्यात झोपाळा.'

'त्या कोपऱ्यात माझं कपाट आहे,' आमची बायको म्हणाली.

बाईंनी कोपरा नीट निरखला. तिथे सिमेंटची दोन पोती होती. 'कुठे?'

'यायचंय.'

जिन्यात मला ऐकवण्यात आलं, की परक्यांना असं घरात घेऊ नये. मी चाचरत म्हटलं, 'अगं, विकायचं तर बघायला येणारच.' त्यावर ती म्हणाली, 'विकायचंय ते तुमचं अर्धं घर. माझं केव्हाच पुरं झालंय.'

या गोंधळात खरा ग्राहक अनपेक्षित दिशेने आला. 'ऐंशी लाखांना मी घेतो साहेब,' मिस्त्री म्हणाले. 'आठ दिवसांत काम उरकून राहायलाच येतो.'

आठ दिवसांत! त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसलो. आठ दिवसांसाठी घर त्यांना विकायचं आणि नवव्या दिवशी तयार घर त्याच भावात बायकोच्या नावे परत घ्यायचं. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. बाईच्या नावावर १ टक्का सूट, म्हणजे ४ लाख ८० हजार. नोंदणी फी दोन वेळा ३० हजार. एकूण ११ लाख. उरलेल्या कामाचा मिस्त्रींचा अंदाज १२ लाखांचा आहे. चक्क एक लाख वाचतात!

बायकोने कागद दोनदा वाचला. 'पण घर इतकं छान झाल्यावर ते परत कशाला देतील?'

मुद्दा बरोबर होता. म्हटलं, त्यांनाच विचारू. आता फोन लावलाय. रिंग वाजते आहे, उचलत नाहीत. म्हणजे अजून तरी ते मिस्त्रीच आहेत, घरमालक झालेले नाहीत.