वास घालवलेलं आमिष

इंग्लंडात कार्प मासे पकडणाऱ्या मंडळींचा जीव बॉइली नावाच्या गोळीत असतो. माशांचं पीठ, सोयाबीनचं पीठ, रवा आणि दुधाची पावडर कच्च्या अंड्यांत मळायची, त्यात स्ट्रॉबेरीपासून माकुळापर्यंत मनाला येईल तो वास घालायचा, 15-18 मिलिमीटरच्या गोळ्या वळायच्या आणि मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात सोडायच्या. वरून चिवट साल धरते. त्यामुळे चिल्लर माशांना लचका तोडता येत नाही आणि गोळी थोरामोठ्यांसाठी राखीव राहते. एवढा घाट घालून झाला की जाणकार माणसं याच गोळ्या एक-दोन दिवस तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात. कशाला? तर घातलेला वास निघून जावा म्हणून!

आमच्या मिडलँड्समधल्या गावाबाहेर एक तळं आहे. वाळू-खडी काढून झाल्यावर उरलेल्या खड्ड्यांत पाणी भरलं की इंग्रज माणूस त्याला तळं म्हणतो आणि बसायचे पैसे घेतो. तिथे एक निवृत्त गृहस्थ ठरलेल्या जागी खुर्ची टाकून असतात. काठावर खुंटी ठोकलेली, तिला जाळीची पिशवी बांधलेली आणि पिशवी पाण्यात. चक्का टांगावा तशी, फक्त इथे पाणी काढायचं नसून मुरवायचं असतं. त्यांनी एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मूळची भडक गुलाबी. आता जुन्या परकराच्या अस्तराचा रंग आलेला. फुगून थोडी मोठी झालेली, बोटाने दाबली तर दबणारी. “हुंगा,” म्हणाले. मी हुंगलं. कसलाच वास नव्हता. माझा चेहरा बघून गृहस्थ असे खुलले, की पुरणपोळीला दाद मिळाल्यावर आमची आत्यासुद्धा एवढी खुलली नसती.

यामागचा त्यांचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. शनिवार-रविवारी तळ्यावर गर्दी. पाण्यात गोळ्यांचा सडा पडतो आणि त्यातल्या काहींना गळ असतो. रविवारी संध्याकाळी मंडळी गाशा गुंडाळतात, गळ घरी जातात, सडा मात्र तळाशीच राहतो. सोमवार-मंगळवारपर्यंत त्याचा रंग उडतो, वास विरतो. तेव्हा कार्प येतात आणि निवांत जेवतात. ताजं, झगझगीत, घमघमणारं ते धोक्याचं. फिकं, मऊ, बेचव ते बिनधोक, एवढं त्यांना पुरतं कळलेलं असतं. म्हणून शनिवारीच मंगळवारची गोळी टाकायची!

कार्पला एवढी अक्कल असते का, अशी शंका मलाही आली होती. पण 1970 साली ब्यूकेमा या डच संशोधकाने प्रयोग करून दाखवलं की एकदा गळाला लागलेला कार्प पुढे बराच काळ सहजासहजी गळाला लागत नाही. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पिणाऱ्यांत आता माशांचीही गणना करायला हरकत नाही.

पूर्वी काम सोपं होतं. रिचर्ड वॉकर यांनी 1952 साली हेरिफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 20 किलोंचा कार्प पकडला तो पावावर. तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात राहायला गेला. त्याच तळ्यात 1980 साली ख्रिस येट्स यांनी साडेएक्कावन्न पौंडांचा काढला तो मक्याच्या दाण्यांवर. मधल्या काळात केंटच्या फ्रेड विल्टन यांनी प्रथिनयुक्त आमिषांचं खूळ काढलं आणि माशांच्या पोषणाची काळजी सुरू झाली. मग 1970च्या दशकाच्या शेवटी लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी हेअर रिग आणला. कार्प काहीही आधी तोंडात ओढून घेतो, चाचपतो आणि नको ते थुंकतो. (दात घशात असल्यामुळे चावण्याची वेळ फार उशिरा येते.) गळात खोचलेलं आमिष त्याला जड लागायचं. म्हणून गळ मोकळा ठेवून आमिष बाजूला एका केसाला लटकवलं; सुरुवातीला तर खरोखरच माणसाच्या केसाला. गोळी हलकी वाटून आत जाते आणि थुंकताना मोकळा गळ ओठात रुततो. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

एवढी कारस्थानं करून पकडलेला मासा कोणी खात नाही, हे आमच्याकडच्या पाहुण्यांना कितीदा सांगितलं तरी पटत नाही. “मग रस्सा कशाचा करतात?” असं विचारतात. कशाचाच नाही. ओल्या गादीवर मासा आडवा करतात, गळ काढतात, ओठाच्या जखमेला जंतुनाशक लावतात, वजन करतात, फोटो काढतात आणि पाण्यात सोडतात. पीटरबरोजवळच्या ब्लूबेल लेक्समधली बेन्सन नावाची मादी 2009 साली मेली तोवर साठाहून अधिक वेळा अशी फोटोला बसली होती. वजन भरात असताना 64 पौंड! तिच्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले. मला तर वाटतं, ती फसत नसावी. ओळखीच्या घरी जेवायला जावं तशी जात असावी. बाकीच्या माशांचं मात्र तसं नाही. तेच संशयी, आणि भिजवलेली गोळी त्यांच्यासाठीच.

या भिजवण्यात एक अडचण असते. गोळी जास्त मुरली की केसावर टिकत नाही; लांब फेकताना हवेतच सुटते आणि गळ रिकामाच पाण्यात पडतो. म्हणून काहीजण वेगवेगळ्या डब्यांवर तारखा लिहितात, आज घातलेल्या, काल घातलेल्या. गोळी बरोबर भिजली की नाही हे बोटालाच कळतं, आणि ते बोट एका दिवसात तयार होत नाही. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांच्यासाठी दुकानात आता मुळातच फिकट रंगाच्या गोळ्या मिळतात, फिक्या गुलाबी, फिक्या पिवळ्या. रंग कमी घातला म्हणून किंमत कमी झालेली मला तरी दिसली नाही.

आता तळ्यावर बहुतेक सगळेच फिकं लावतात. परवा मी गृहस्थांना विचारलं, की माशांनी हेही ओळखलं तर काय? त्यांनी पेटीतून छोटी बरणी काढली. आत झेंडूपेक्षा पिवळ्याजर्द गोळ्या होत्या, झाकण उघडताच अननसाचा भपकारा आला. म्हणाले, पुढच्या शनिवारी ह्याच लावतो. या तळ्यात अशा गोळ्या कोणी बरीच वर्षं टाकलेल्या नाहीत.