बंड्याचं वेळापत्रक

लव्हबर्ड म्हणजे काय, याबाबत आमच्या पिढीची साफ फसवणूक झाली आहे. शेजारच्या गॅलरीत, मडकं टांगलेल्या पिंजऱ्यात दिवसभर किलबिलणारे ते पिवळे-हिरवे 'लव्हबर्ड' निघाले बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. हे ज्ञान मला साठीनंतर झालं, तेही बोटातून रक्त येत असताना.

नातीनं हट्टानं घेतलेला हा पक्षी तिच्या दहावीपायी आमच्याकडे बदलीवर आला. अंग पोपटी, तोंड नि गळा केशरी-गुलाबी, शेपटीच्या वर निळी झाक. वजन जेमतेम ५० ग्रॅम, चोच मात्र अडकित्त्याची. नाव बंड्या.

मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. आठवी 'क' ज्यानं रांगेत उभी केली, त्याला ५० ग्रॅम काय जड? "पंधरा दिवसांत बोटावर बसवतो," मी जाहीर केलं. फुटपट्टीनं रेघा मारून वेळापत्रक आखलं. ७.०० शीळ. ७.१० बोट. ७.३० बक्षीस (राळे). खाली लाल शाईत 'शिस्त' लिहून अधोरेखित केलं आणि कागद पिंजऱ्याला डकवला.

पद्धत सोपी आहे. पायांच्या जरा वर, पोटाला बोट हलकेच टेकवायचं आणि "ये" म्हणायचं. पक्षी वर चढतो. बंड्यानं बोट आधी तपासलं, पिकलेला आंबा तपासावा तसं, आणि मग कडेनं धरून पिळलं. अशा वेळी हात झटकायचा नसतो, नाहीतर चावलं की माणूस हटतो हे पक्ष्याच्या लक्षात येतं. मी झटकला. बंड्याच्या लक्षात आलं. हुशार विद्यार्थी!

दुसऱ्या दिवशी मी बागकामाचे हातमोजे घालून गेलो. ते पाहून त्यानं असा काही गळा काढला की खालून वॉचमननं वर पाहिलं. मग लाच म्हणून आयुर्वेदिक दुकानातून समुद्रफेस आणला. त्यातून कॅल्शियम मिळतं, चोचही घासली जाते. बंड्यानं चोच नीट परजून घेतली. त्याचा प्रत्यय मला ७.१०ला आला.

"अहो, तो पक्षी आहे, वर्गाचा मॉनिटर नाही," हळद लावता लावता बायको म्हणाली.

या सगळ्यात माझ्या आईनं बंड्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वय ८६. रोज सकाळी पिंजऱ्याशेजारी पाट टाकून ती तांदूळ निवडते आणि १९६०च्या आसपास घडलेल्या गोष्टी कुणालाही उद्देशून नाही अशा सांगत बसते. पिंजऱ्याचं दार उघडं, पंखा बंद, खिडकी लावलेली. दहाव्या दिवशी बंड्या बाहेर आला, ताटाच्या काठावर बसला, एक दाणा उचलून सोलल्यासारखा चघळला आणि दंडावरून चढत थेट तिच्या खांद्यावर जाऊन पदराचा काठ उसवू लागला.

"आई, काय केलंस?"

"मी कुठे काय केलं? तांदूळ निवडत होते."

बरोबरच होतं. समोरून टक लावून बघणारा, हात पुढे करत येणारा प्राणी पक्ष्याच्या लेखी शिकारी. मी रोज ७.००ला नेमका तोच होत होतो, वर शीळ घालून.

त्याच दुपारी बंड्यानं वेळापत्रकाला चोच लावली. कडेपासून टोकरत त्यानं एकसारख्या बारीक पट्ट्या कापल्या; माझ्या रेघांपेक्षा सरळ. मग मान वळवून एकेक पट्टी पाठीच्या खालच्या पिसांत खोचली, कामाला लागताना बायका पदर खोचतात तशी. मी फोनवर नातीला हे सांगितलं, तर ती किंचाळलीच. "आजोबा, घरट्याचं सामान असं खोचून नेते ती मादी! बंड्या मुलगी आहे!" नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे बंड्याची बंडूताई व्हायला माझंच वेळापत्रक खर्ची पडलं.

बंडूताई झिरमिळ्यांचा पिसारा मिरवत आईच्या दिशेनं निघाली. वाटेत एक पट्टी गळून पडली. 'शिस्त'मधला 'शि' तेवढा उरला होता. मी ती उचलली, काही न बोलता, दुसरीकडे बघत पुढे धरली.

तिनं पट्टी घेतली. बोट सोडून.