प्लंबरकाकांचा हेल्पर

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांचा जुना प्लंबर हा सगळ्यांचा 'काका' असतो. कुठल्या विंगची लाईन कुठल्या भिंतीतून वळते, गच्चीवरचा कुठला कॉक उलटा फिरतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. नकाशा सोसायटीच्या कपाटातही नसतो. काम चौघांचं आणि अंग एकट्याचं, त्यामुळे "संध्याकाळी येतो" म्हणजे परवा सकाळी, हे रहिवाशांना पाठ झालेलं असतं.

काका हेल्पर ठेवतात, नाही असं नाही. पण त्याची मजल पिशवी उचलण्यापलीकडे जात नाही. पोऱ्याने जीआय पाइपाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायला घेतली, की दुसऱ्या वेढ्यालाच "दे इकडे" होतं. टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची असते; उलटी गुंडाळली तर सांधा आवळताना गोळा होऊन बाहेर येते. एवढं सांगितलं तरी भागलं असतं. पण काकांनाही ते कुणी सांगितलेलं नसतं. उस्तादाच्या टपला खात, सूत आणि सफेदा लावता लावता ते बोटांत उतरलेलं असतं आणि बोटांतलं तोंडावर येत नाही. आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. काकांच्या मते पहिलं वर्ष नुसतं बघण्यात गेलं पाहिजे.

कायद्याचं लचांड म्हणावं तर तेही फारसं नाही. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकेच कामगार असतील तर नोंदणीही लागत नाही, सूचना दिली की झालं. खरी धास्ती वेगळीच असते: पोऱ्या शिकला की गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन जाणार आणि बी विंगच्या मीटरबॉक्सवर स्वतःचा स्टिकर चिकटवणार. धास्ती अगदीच खोटी नाही. काकांचा धंदाही असाच सुरू झालेला असतो.

त्यात गिऱ्हाईक तेल ओततं. "माणूस पाठवू नका हं, तुम्हीच या," असं सेक्रेटरी बजावतात. काका ते चारचौघांत तक्रार म्हणून सांगतात, पण सांगतात मात्र रोज.

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातल्या प्लंबरांनी हा पेच परस्पर सोडवलाय. ते गावाकडचा भाचा-पुतण्या सोबत आणतात. तो नंबर घेऊन पळाला तरी जाणार कुठे, सुट्टीत घरी भेटतोच. काकांचा पुतण्या बँकेत असतो. तसे काका एकटे नाहीत: 2013-14 च्या आर्थिक गणनेत देशातल्या सुमारे 5.85 कोटी आस्थापनांपैकी 70 टक्क्यांहून अधिक नियमित पगारी माणसाशिवायच चालत होत्या.

गणपतीला काका कोकणात जातात तेव्हा मात्र कामं हेल्परवर पडतात, म्हणजे निदान तसं ठरतं. मग देवरुखहून फोनवर फोन: "डावीकडचा कॉक बंद कर. डावीकडचा रे! बरं, राहू दे, हात लावू नकोस. खाली बादली ठेव आणि मॅडमना सांग, काका मंगळवारी येतील."