फ्रीस्टाइल सुधारण्याचे सोपे उपाय (पोहणं ऐच्छिक)

अभिनंदन! चाळिशी उलटल्यावर फ्रीस्टाइल 'सुधारायची' असं तुम्ही ठरवलंत. पंचवीस मीटरनंतर तुम्ही भिंतीला लटकून धापा टाकता, हे अख्ख्या टँकला माहीत आहे. आता तेच पैसे देऊन पडद्यावर बघायचं.

१. आधी खरेदी. गॉगल, सिलिकॉनची टोपी, पुलबॉय, पॅडल, फिन्स आणि हात मोजणारं घड्याळ. दम दुकानात मिळत नाही, तेव्हा तो विषय तूर्त काढू नका.

२. कोच गाठा. "सर, थोडं पॉलिश करायचंय," एवढंच म्हणा. सर दोन लेंग्थ मारायला लावतील आणि पहिलीतच गप्प होतील. तो आदर समजा.

३. व्हिडिओ काढून घ्या. टँकवर 'मोबाइल वापरण्यास मनाई' ही पाटी असेलच. तिच्याच खाली उभं राहून परवानगी मागा. शूटिंगच्या दिवशी पोट आत ओढा. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असलं तरी त्यातून पोट दिसतं.

४. आता व्हिडिओ बघा. बसून बघा. मनातल्या मनात तुम्ही पॅन झानले असता. त्याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ४६.४० सेकंदांत मारले. पडद्यावर मात्र कुणीतरी भर पाण्यात रिक्षा थांबवताना दिसेल. "हा कोण?" असं विचारू नका, टोपी तुमचीच आहे. सर लाल गोल काढत जातील: श्वासासाठी डोकं वर उचलता म्हणून कंबर खाली जाते, कंबर गेली की पाय बुडतात, बुडते पाय सावरायला ते फाकवता, त्यात दम संपतो, म्हणून पुन्हा डोकं वर. यावर "कॅमेऱ्याचा अँगल चुकलाय" हे उत्तर तयार ठेवा. तेही चाललं नाही, तर स्लो मोशन मागा. स्लो मोशनमध्ये गटांगळीसुद्धा डौलदार दिसते.

५. दुरुस्त्या सगळ्या एकदम करा. कोपर वर, डोकं खाली, खांदा वळवा, पोट घट्ट, पाऊल ताणलेलं, हात मधली रेघ ओलांडणार नाही, नाकातोंडाने पाण्यात श्वास सोडा. शेवटची तेवढी राहून जाईल. श्वासच तो.

६. सुधारणा दिसत नसेल तर वाद घाला. मार्क स्पिट्झचे कोच जेम्स काउन्सिलमन यांनी पाण्याखालून फिल्म काढून दाखवलं होतं, की अव्वल पोहणाऱ्यांचा हात नागमोडी जातो. मग जगभरचे कोच पोरांकडून पाण्यात 'एस' गिरवून घेऊ लागले. पुढे कळलं, की त्यातला बराचसा बाक अंग वळल्यामुळेच येत होता. तरीही सर "सरळ मागे ओढ" म्हणाले की काउन्सिलमन काढा. त्यानेही सर खचले नाहीत, तर नियम काढा: फ्रीस्टाइलच्या शर्यतीत कोणत्याही पद्धतीने पोहता येतं. म्हणजे तुमचं काहीच चुकत नाही.

७. घड्याळातले आकडे घरी कुणाला दाखवू नका.

८. शेवटी शिकवायला लागा. शेजारच्या लेनमध्ये एक आजोबा असतील, पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले. डोकं पाण्याबाहेर, कोपर कुठेही, तासभर अखंड. भिंतीपाशी आले की त्यांना हाय एल्बो समजावून सांगा. एका वाक्यात आटपा. ते थांबत नाहीत.