उपासाला चालणारा खडक

खडक म्हटलं की मराठी माणसाचं मन आधी सह्याद्रीवर जातं, आणि तिथे ओळखण्यासारखं फारसं काही उरत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर चढले, आणि त्या काळ्या पसाऱ्याने आजही साधारण पाच लाख चौरस किलोमीटर जागा अडवून ठेवली आहे. त्यामुळे पुण्या-नाशकाकडे कुणी दगड पुढे करून ‘हा कोणता?’ असं विचारलं, तर डोळे मिटून ‘बेसाल्ट’ म्हणावं. विद्वान ठरण्याची इतकी स्वस्त सोय दुसऱ्या कुठल्या शास्त्रात असेलसं वाटत नाही. खरी परीक्षा घराच्या उंबऱ्याच्या आत सुरू होते.

भूशास्त्राच्या माणसांची दगडाशी ओळख करून घ्यायची रीत पाहिली, तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले एखादे आजोबा आठवतात. नुसत्या नावावर त्यांचं समाधान होत नाही; गाव कुठलं, मूळ गाव कुठलं, आजोळ कुणाकडचं, इथवर गेल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. दगडालाही तेच विचारायचं: बाबा रे, तू आगीतून आलास, गाळातून आलास, की पूर्वी कुणी वेगळाच होतास आणि दाबाने, उष्णतेने असा झालास? उत्तर मिळेपर्यंत मग सगळा शिष्टाचार गुंडाळून ठेवला जातो. उन्हापावसाने रापलेला वरचा रंग फसवा, म्हणून हातोडीने कपचा उडवून आतला ताजा चेहरा बघायचा. नखाने ओरखडायचं, चाकूने ओरखडायचं. फ्रीडरिश मोस यांनी 1812 साली या ओरखड्यांचीच उतरंड लावून दिली. तळाशी नखालाही शरण जाणारं शंखजिरं, माथ्यावर हिरा. आणि एवढ्याने भागलं नाही तर आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसला, तर त्यात चुना आहे.

ही शेवटची परीक्षा आमची आजी रोज घेत असे, किंवा खरं म्हणजे होऊ देत नसे. ‘कडप्प्यावर लिंबू ठेवू नकोस’ हे तिचं वाक्य ‘शुभं करोति’इतकंच नित्याचं होतं. कडप्पा म्हणजे आंध्रातून आलेला काळा चुनखडक, कुठल्यातरी पुरातन समुद्राच्या तळाशी थराथराने साचलेला. लिंबाची फोड त्यावर पालथी पडली की चकाकी उडून पांढुरका डाग उमटे, तो कायमचा. समुद्र, चुना, आम्ल यांतलं काहीही आजीला ठाऊक नव्हतं, पण त्या खडकाचा स्वभाव तिने पुरता ओळखला होता. स्वभाव कळल्यावर माणसं तरी कुळाची चौकशी कुठे करतात? पायाखालची शहाबादी फरशीही त्याच चुनखडीच्या गोतावळ्यातली. ताक सांडलं की आजी पदर खोचून धावायची. माझी शाळेची पाटी मात्र वेगळ्या घराण्यातली. एके काळी ती साधा चिखल होती, पुढे दाबाखाली कडक झाली; आणि एवढं सोसून तिच्या वाट्याला माझं अक्षर आलं.

पाटा-वरवंटा तेवढा आपल्या मातीतला, बेसाल्टचा. मिरच्या वाटून वाटून तो गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई यायची. ती हातोडी उगारण्याआधी पाट्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करी आणि मान तिरकी करून ऐके. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला, तर आत कुठेतरी चीर आहे. अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलून त्याचं दुःख ताडणाऱ्या बायका असतात ना, त्यांच्यातलीच ती वाटे.

खडक चाटूनही ओळखतात, हे मात्र मला फार उशिरा कळलं. ओला झाला की त्यातले कण स्पष्ट दिसतात, आणि रानात जीभ तेवढी हाताशी असते. भूशास्त्रज्ञ खडक का चाटतात हे लिहिल्याबद्दल यान झालासिएविच यांना 2023 साली इग नोबेल मिळालं. हसवून विचार करायला लावणाऱ्यांचा तो मान. आपल्याकडे मात्र ही पद्धत एकादशीपासून एकादशीपर्यंत चालूच आहे. सैंधव हा आटलेल्या समुद्राचा, शास्त्राच्या वहीत रीतसर नोंद असलेला गाळाचा खडक. उपासाला चालणारा खडक तेवढा एकच, आणि त्याची ओळख पटवायला भिंग लागत नाही, बटाट्याची भाजी पुरते.

अलीकडे मावशीने कडप्पा काढून काळ्या ग्रॅनाइटचा ओटा केला. भूशास्त्र शिकणारा मावसभाऊ सुट्टीला आला, ओट्याला नाक लावून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘आई, तुला फसवलंय. ग्रॅनाइटमध्ये गारेचे, फेल्डस्पारचे फिकट दाणे दिसायला हवेत. हा गॅब्रो असणार, नाहीतर डोलेराइट. दुकानदार सगळ्याच काळ्या दगडांना ग्रॅनाइट म्हणतात.’’ मावशी कोशिंबिरीवर लिंबू पिळत होती. पिळलेली फोड तिने ओट्यावरच पालथी घातली आणि म्हणाली, ‘‘लिंबू सोसतंय ना त्याला? मग असू दे ग्रॅनाइट.’’