जारवा दिसले का?

अंदमानहून परतलेल्या मराठी माणसाला शेजारीपाजारी दोनच प्रश्न विचारतात. सेल्युलर जेल पाहिलं का? आणि तिथले जारवा आदिवासी दिसले का? पहिल्याचं उत्तर देताना आवाज जड होतो. दुसऱ्याचं देताना मोबाइल बाहेर येतो.

फोटोला बंदी आहे म्हणे. असेल.

ताडोबाहून आलेल्यालाही असंच विचारतात, वाघ दिसला का? पण वाघाच्या अंगावर बिस्किटं फेकायची कुणाची छाती होत नाही. तेवढा मान वाघाला आहे.

सहलीचा बेत तर ठरलेलाच. संध्याकाळी सेल्युलर जेलमध्ये ध्वनिप्रकाशाचा खेळ. सावरकरांची कोठडी, कोलू, जेलर बारीचा माज. गोऱ्यांनी आपल्या माणसांना जनावरासारखं वागवलं म्हणून डोळे पुसायचे. मग लवकर झोपायचं. पहाटे तीनला गाडी येणार आहे, माणसं बघायला जायचंय.

सहलीच्या पत्रकात अर्थातच तसं छापत नाहीत. तिथं असतं, ‘बाराटांग : चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी’. हा ज्वालामुखी ज्यांनी पाहिलाय त्यांनी प्रामाणिकपणे सांगावं. चिखलात येणारे चार बुडबुडे बघायला कोण पहाटे तीनला उठतं हो?

जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते. पोलीस बंदोबस्तात ताफा निघतो. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. नियम ऐकून सगळे शहाण्यासारख्या माना डोलावतात. आणि खिडकीची जागा कुणाला, यावरून भांडतात.

मग कुजबुज सुरू. कपडे घालतात का हो? माणसं खातात का? हेच प्रश्न एखाद्या गोऱ्याने गेटवे ऑफ इंडियाला आपल्याबद्दल विचारले असते, तर?

तर पोलीस तक्रार, ट्विटरवर मोहीम आणि टीव्हीवर रात्री नऊला चर्चा.

राखीव जंगल चिरत जाणारा हा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या हद्दीत बंद करा, असं सुप्रीम कोर्टाने 2002 सालीच सांगितलं होतं. 2012 च्या जानेवारीत लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने एक व्हिडिओ दाखवला. जारवा बायकांना पर्यटकांसमोर खाण्याच्या आमिषानं नाचायला लावलं होतं. जगभर छी-थू झाली. प्रशासन म्हणालं, व्हिडिओ जुना आहे. म्हणजे नाच जुना झाला की शुद्ध होतो?

पुढच्या वर्षी कोर्टाने या रस्त्यावर पर्यटकांना मनाई केली. मनाई टिकली जेमतेम दीड महिना. गुहा वाट पाहत होत्या ना!

मायाबंदर, दिगलीपूरच्या लोकांचा हा रस्ता आहे, दवाखान्यापासून बाजारापर्यंत त्यांचं त्याच्यावर अडतं, हे मान्य. पण त्यांना तो जायला लागतो. आपल्याला बघायला. बाराटांगला समुद्रानेही जाता येतं. मात्र समुद्रात जारवा दिसत नाहीत.

1958 साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात बेल्जियमने काँगोचं एक ‘गाव’ वसवलं होतं. कुंपणाआड खरीखुरी काळी माणसं, बाहेर तिकीट काढून आलेले गोरे. प्रेक्षक त्यांच्या दिशेने पैसे आणि केळी फेकत. वैतागून ती माणसं प्रदर्शन संपायच्या आतच मायदेशी निघून गेली. जारवांनी कुठं जायचं? ते घरीच आहेत.

आणि केळ्यांनी, बिस्किटांनी भलं होतं म्हणावं, तर तेही नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस जारवा जंगलाबाहेर यायला लागले. 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. 2006 मध्ये पुन्हा. काहीशे माणसांची सगळी जमात. आपल्याकडच्या एका बऱ्या गृहसंकुलात याहून जास्त लोक राहतात, आणि तिथं फाटकावर पाटी असते : परवानगीशिवाय आत येऊ नये.

2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. गुलामीच्या खुणा पुसायच्या होत्या. पाटी पुसली. सहलीच्या गाड्या अजूनही त्याच पाटीखालून निघतात.

आपल्यात काही वर्णद्वेष नाही बरं का. गोरेपणाची क्रीम लावून, उन्हाची टोपी घालून, खिडकीतून ‘बघ बघ, किती काळे!’ म्हणणं याला आपण कुतूहल म्हणतो. पोरांचं सामान्यज्ञान वाढतं.

2025 मध्ये एक अमेरिकन यूट्यूबर होडीतून अंदमानातल्याच, जायला बंदी असलेल्या नॉर्थ सेंटिनल बेटावर गेला. तिथल्या आदिवासींसाठी किनाऱ्यावर डाएट कोकचा डबा आणि नारळ ठेवून आला. पोलिसांनी अटक केली. आपण पोट धरून हसलो.

येडाच तो. एकटा कशाला गेला? पॅकेज घेतलं असतं तर पोलीस बंदोबस्त मिळाला असता. वर नाश्ताही बांधून.