आधी पसंतीक्रम, मग पराक्रम

एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, फॉर्म भरणारी पोरं गणिताच्या ३०० गुणांना भितात. भ्यायचं असतं ते 'पसंतीक्रम' नावाच्या रकान्याला. लष्कर, नौदल, हवाई दल यांच्यापुढे १, २, ३ एवढंच टाकायचं. पण तेवढ्यासाठी घरात किमान तीन आठवडे लढाई चालते. ती कशी लढावी, याचं हे मार्गदर्शन.

फॉर्मचा विषय जेवताना काढू नये. काढलात तर भोगा. काका म्हणणार, "नेव्हीत घाल, फुकटात जग बघायला मिळतं." स्वतः काकांनी मांडव्याच्या लाँचपलीकडे समुद्र पाहिलेला नाही, आणि तोही कठडा धरून, मान खाली घालून. आजी हवाई दलाच्या विरोधात: "वर बिघडलं तर उतरायचं कुठं?" आजोबांचा कौल लष्कराला, कारण मिलिटरी कॅन्टीन. कॅन्टीन तिन्ही दलांना असतं हे त्यांना सांगू नका; ते तटस्थ होतील आणि घरात कुणाचंच बहुमत उरणार नाही. आई एकच विचारते, "तो पांढरा युनिफॉर्म रोज धुणार कोण?" नौदल तिथंच बुडतं. २०२२ पासून मुलीही एनडीएत जातात, त्यामुळे या सभेत आता मावशीलाही बोलावं लागतं.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात म्हणे हा घोळ होत नाही. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले, गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. तिथं पोरगा चालायला लागला की पसंतीक्रम भरून झालेला असतो. आपलं तसं नाही. आपल्याला विचार करावा लागतो.

तर विचार असा करावा. अकरावीला आर्ट्स घेतलं असेल तर अभिनंदन, तुमचा निर्णय तेव्हाच झाला: फक्त लष्कर. नौदल आणि हवाई दलाला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं. दूरचं दिसायला चष्मा असेल तर विमान चालवणं विसरा. नसेल तरी वैमानिकाची निवडचाचणी जन्मात एकदाच देता येते, पुरवणी परीक्षा नाही. तरीही बरीच पोरं हवाई दल पहिलं टाकतात. त्यांचा दोष नाही. सिनेमात रणगाडेवाल्याच्या वाट्याला गाणं येत नाही. जागांचा हिशेब मात्र कुणी करत नाही: अलीकडच्या जाहिरातींत लष्कराला २०८, हवाई दलाला १२०, नौदलाला ४२.

मीही एके काळी हा क्रम फार अभ्यासपूर्वक लावला होता. लेखी पास झालो, एसएसबीचं, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचं, बोलावणं आलं, छातीवर चेस्ट नंबर चढला. पहिल्याच दिवशी पडद्यावर तीस सेकंद एक चित्र दाखवतात, तेही मुद्दाम धूसर, आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते. आमच्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांना त्यात पूर आलेलं गाव दिसलं. प्रत्येकाच्या गोष्टीत एका बारावी पास तरुणानं ते एकट्यानं वाचवलं, वर सरपंचांना वृक्षारोपणही पटवून दिलं. मला एक बाई रिक्षाची वाट बघताना दिसली. मी तसं लिहिलं. रिक्षा आली, ती गेली. दुपारी चेस्ट नंबर परत केला, प्रवासभत्ता मोजून घेतला आणि संध्याकाळची गाडी धरली. पसंतीक्रम शेवटपर्यंत कुणी विचारलाच नाही.

जे टिकतात त्यांचं दल गुणवत्ता यादी आणि मेडिकल ठरवतं. तळपाय सपाट निघाले किंवा गुडघ्याला गुडघा घासला, तर काकांचं मत मोजणीतच येत नाही. आणि एवढं होऊन तिन्ही दलांची पोरं तीन वर्षं खडकवासल्याच्या प्रबोधिनीतच एकत्र असतात. तीच सायकल, तोच रगडा. खलाशीही डोंगर चढतो आणि वैमानिकही चिखलात लोळतो. चौथ्या वर्षी कुठं आपापल्या दलाच्या प्रबोधिनीकडे डेहराडून, एळिमला, दुंडिगल अशा वाटा फुटतात.

एवढं समजून घेतल्यावर फॉर्म भरायला बसावं. अर्थात तोवर शेवटची तारीख उजाडलेली असते. ओटीपी बाबांच्या मोबाइलवर, बाबा ऑफिसात. नेटकॅफेवाला एका हातात वडापाव धरून दुसऱ्यानं माउस हलवतो. "एक नंबरला काय टाकू रे? पटकन बोल, मागं लाइन आहे." पोरगा घाईघाईनं घरी फोन लावतो.

काका उचलतात.